कोरड्या नाल्याकाठची कुत्र्यांची विष्ठा आणि पावसाळ्यातले पाणी

पांझराकाठ (धुळे)

धुळ्यात पांझरेच्या उत्तरेला, देवपूर भागात ज्या वसाहती वाढत गेल्या, त्यांच्या मधून अनेक छोटे नाले नदीकडे उतरतात. यांतले बहुतेक नाले वर्षातले सात-आठ महिने कोरडे असतात आणि म्हणूनच सकाळ-संध्याकाळ कुत्रा फिरवायला ती सर्वांत सोयीची जागा ठरली आहे. रस्ता खराब होत नाही, कोणाच्या फाटकासमोर वाद होत नाही आणि विष्ठा उचलण्याचीही गरज वाटत नाही. माझ्या घरीही कुत्रा आहे, त्यामुळे हा धागा श्वानपालकांच्या विरोधात नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की नाला कोरडा असला तरी तो पाण्याचाच मार्ग आहे, आणि त्याच्या पात्रात किंवा काठावर राहू दिलेली विष्ठा पाण्यात टाकल्यासारखीच आहे.

कुत्र्याचे खाणे प्रथिनयुक्त असते आणि त्याच्या आतड्यांत जिवाणूंची घनता गाई-बैलांपेक्षा कितीतरी जास्त असते. अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एडविन गेल्ड्राइख यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वेगवेगळ्या प्राण्यांच्या विष्ठेतील फिकल कोलिफॉर्म (आतड्यात राहणारे, विष्ठेतून बाहेर पडणारे) जिवाणू मोजले होते आणि ते आकडे आजही संदर्भासाठी वापरले जातात. त्यांनुसार कुत्र्याच्या एक ग्रॅम विष्ठेत सरासरी २ कोटी ३० लाख, माणसाच्या विष्ठेत १ कोटी ३० लाख आणि गाईच्या शेणात २ लाख ३० हजार जिवाणू असतात. आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांप्रमाणे नदीत आंघोळ करण्याजोग्या पाण्यात दर १०० मिलिलिटरला हे जिवाणू ५०० पर्यंत असावेत अशी अपेक्षा आहे आणि कमाल मर्यादा २५०० आहे. हिशेब केला तर एक ग्रॅम विष्ठा ९२० लिटर स्वच्छ पाण्याला या कमाल मर्यादेपर्यंत नेऊ शकते. अर्थात सगळे जिवाणू जिवंत राहतील आणि पाण्यात सारखे मिसळतील असे गृहीत धरून केलेला हा कागदावरचा हिशेब आहे. प्रत्यक्षात काही मरतात, काही गाळात बसतात. तरीही प्रश्न किती मोठा आहे याचा अंदाज त्यावरून येतो.

जिवाणूंखेरीज विष्ठेबरोबर नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) पाण्यात जातात. वाहत्या मोठ्या नदीत ते पातळ होतात. पण पावसाने उघडीप दिल्यावर नाल्याच्या डबक्यांत आणि बंधाऱ्यांमागे जे पाणी साचून राहते, तिथे ते शेवाळाला आणि जलपर्णीला पोसतात. नंतर हे शेवाळ मरून कुजू लागते, तेव्हा पाण्यात विरघळलेला प्राणवायू खर्ची पडतो, पाण्याला वास सुटतो आणि मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. आंघोळीच्या पाण्याच्या त्याच निकषांत प्राणवायू लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम असावा असे म्हटले आहे. साचलेल्या हिरव्या डबक्यात पहाटेच्या वेळी तो यापेक्षा बराच खाली जाऊ शकतो.

‘आपल्याकडच्या उन्हात सगळे जळून जाते’ हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे आणि त्यात तथ्य नाही असे नाही. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना उघड्यावर वाळलेल्या विष्ठेतले बरेचसे जिवाणू मरतात. पण स्फुरद उन्हाने नाहीसा होत नाही, जंतांची अंडी जराशा सावलीत किंवा मातीखाली तग धरतात, आणि मुख्य म्हणजे पावसाळ्याचे चार महिने हे ऊन नसते. जुलैमध्ये संध्याकाळी सहाला टाकलेली विष्ठा रात्री नऊच्या सरीत पांझरेत पोहोचलेली असते. पुढे ही नदी मुडावदला तापीला मिळेपर्यंत तिच्या काठी अनेक गावे आहेत.

आपापल्या गावातले अनुभव आणि उपाय कृपया लिहावेत.

गिरणाकाठ (जळगाव)

पांझराकाठ भाऊ, आपली तळमळ समजते, परंतु प्राधान्यक्रमाबद्दल मला शंका आहे. खान्देशातल्या बहुतेक शहरांत आणि मोठ्या गावांत नाल्यांमध्ये सांडपाणी थेट सोडले जाते. जिथे शेकडो घरांच्या शौचकूपांचे ओघळ नाल्यात येतात, तिथे पाच-पंचवीस कुत्र्यांची विष्ठा उचलून पाण्यात कोणता फरक पडणार आहे? शिवाय मोकाट गुरे, डुकरे, शेळ्या-मेंढ्या आहेतच. पाश्चात्त्य देशांत सांडपाण्याचा प्रश्न बराचसा सुटलेला असल्यामुळे तिथे कुत्र्यांची विष्ठा हा उरलेला मोठा स्रोत ठरतो. तो निष्कर्ष आपल्या मातीवर जसाच्या तसा ठेवणे मला योग्य वाटत नाही.

पांझराकाठ (धुळे)

गिरणाकाठ भाऊ, सांडपाण्याबद्दल आपण म्हणता ते पूर्णपणे मान्य आहे. ज्या नाल्यात बारा महिने काळे पाणी वाहते, तिथे आधी सांडपाणी अडवले पाहिजे आणि त्यासाठी वेगळ्या पातळीवर लढावे लागेल. परदेशातील निष्कर्षांबद्दलची आपली सावधगिरीही योग्य आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल शहराच्या पाणलोटांचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्फुरदाच्या आवकेत पाळीव प्राण्यांच्या मलमूत्राचा वाटा ७६ टक्क्यांपर्यंत आढळला. पण त्या राज्यात हिरवळीवर स्फुरदयुक्त खत घालण्यावर कायद्याने निर्बंध आहेत आणि सांडपाण्याच्या नळवाहिन्या पावसाच्या पाण्यापासून वेगळ्या आहेत. तो आकडा मी धुळ्याला लावणार नाही.

परंतु माझ्या डोळ्यांसमोर जे नाले आहेत, ते वेगळे आहेत. वस्तीच्या कडेला, टेकडीच्या किंवा शेताच्या बाजूने येणारे, ज्यांत अजून सांडपाणी शिरलेले नाही आणि पावसाळ्यात ज्यांचे पाणी पाहून मुले आनंदाने पाय घालतात, असे नाले अजूनही पुष्कळ आहेत. काळ्या नाल्याला कुत्र्याच्या विष्ठेने फारसा फरक पडत नाही हे खरे, पण जो नाला अद्याप स्वच्छ आहे त्याला नक्की पडतो, आणि नेमक्या अशाच नाल्याकाठी लोक फिरायला जातात.

गुरांबद्दल एक हिशेब मांडतो. गावठी कुत्रा दिवसाला साधारण २०० ग्रॅम विष्ठा टाकतो असे धरू. वरच्या आकड्यांनुसार त्यात ४६० कोटी जिवाणू होतात. देशी गाय दिवसाला १० किलो शेण देते असे धरले तर त्यात २३० कोटी होतात. आकारात एवढा फरक असूनही जिवाणूंचा भार कुत्र्याचा जास्त निघतो. दुसरी गोष्ट अशी की शेणाला किंमत आहे. ते गोवऱ्यांसाठी वेचले जाते, उकिरड्यात जाऊन त्याचे खत होते, त्यामुळे रस्त्यावर पडलेले शेणही फार वेळ पडून राहत नाही. कुत्र्याच्या विष्ठेचा कोणालाच उपयोग नसल्यामुळे ती जिथे पडते तिथेच पावसाची वाट पाहत राहते.

गिरणाकाठ (जळगाव)

स्वच्छ नाले आणि सांडपाण्याचे नाले यांतला फरक पटला. शेणाचा मुद्दा मी या बाजूने कधी विचारात घेतला नव्हता. तरी वसाहतींच्या बैठकांत सांडपाण्याचा विषय मागे पडू नये, एवढीच विनंती.

गोठा_आणि_दवाखाना (अमळनेर)

मी पशुवैद्यकीय क्षेत्रात काम करतो, म्हणून रोगांविषयी थोडे सविस्तर लिहितो. वरच्या चर्चेत कोलिफॉर्मचा उल्लेख आला आहे. हे जिवाणू स्वतः बहुधा निरुपद्रवी असतात. पाण्यात विष्ठा मिसळली आहे याची ते खूण आहेत. खरी काळजी त्यांच्यासोबत येणाऱ्यांची असते. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, जिआर्डिया हे कुत्र्याच्या विष्ठेतून पाण्यात जाऊ शकतात आणि माणसांत जुलाब, ताप, पोटदुखी घडवू शकतात.

आपल्या भागात मला जास्त महत्त्वाचे वाटतात ते जंत. टॉक्सोकॅरा नावाचा गोलकृमी पिल्लांमध्ये अतिशय सामान्य आहे. मादीच्या पोटातूनच तो पिल्लांत येतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडल्यावर लगेच बाधक नसतात. ओल्या मातीत दोन-चार आठवडे गेल्यावर ती बाधक होतात आणि त्यानंतर अनुकूल मातीत वर्षानुवर्षे टिकू शकतात. नाल्याचा ओला, सावलीचा गाळ त्यांना अगदी मानवतो. मुलांनी गाळात खेळून तसेच हात तोंडात घातले तर अळ्या शरीरात फिरतात, यकृतात, फुप्फुसात आणि क्वचित डोळ्यांतही जातात. आकडीकृमीच्या अळ्या अनवाणी पायाच्या त्वचेतून शिरतात आणि त्वचेखाली नागमोडी, खाजणारी लाल रेघ उमटते. अशी रेघ दिसली तर नायटा समजून मलम लावत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे.

लेप्टोस्पायरोसिसबद्दल एक खुलासा आवश्यक आहे. तो विष्ठेतून नव्हे, तर मूत्रातून पसरतो आणि उंदीर हे त्याचे मुख्य वाहक आहेत. पण कुत्री आणि गुरेही तो वाहतात. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यात उतरू नये, हा सल्ला त्यासाठीच आहे. कुत्र्यांसाठी त्याची लस मिळते, आणि बरेच पालक फक्त रेबीजची लस देऊन थांबतात.

यावर श्वानपालकाच्या हातात असलेला सर्वांत प्रभावी उपाय म्हणजे नियमित जंतनाशक. पिल्लाला दोन आठवड्यांचे झाल्यापासून ठरावीक अंतराने आणि मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी आपल्या पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंताचे औषध द्यावे. औषध दिल्यानंतरचे दोन-तीन दिवस तरी विष्ठा आवर्जून उचलून नीट पुरावी, कारण त्या दिवसांत जंत आणि अंडी मोठ्या प्रमाणात बाहेर पडतात.

जाता जाता एक वेगळी बाब. गोचिड-पिसवांसाठी मानेवर टाकायच्या औषधांत फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड असते. इंग्लंडमधील वीस नद्यांच्या नमुन्यांवर ससेक्स विद्यापीठाने केलेल्या अभ्यासात ९८ टक्के नमुन्यांत फिप्रोनिल आणि ६६ टक्के नमुन्यांत इमिडाक्लोप्रिड आढळले होते, आणि पाळीव प्राण्यांवरील औषधे हा त्याचा एक महत्त्वाचा स्रोत असावा असा अभ्यासकांचा निष्कर्ष होता. पाण्यातल्या कीटकांना ही द्रव्ये अत्यंत कमी मात्रेतही घातक असतात. म्हणून असे औषध टाकल्यावर कुत्र्याला काही दिवस नाल्यात, तलावात किंवा पाटात पोहायला सोडू नये.

अरुणावती (शिरपूर)

आमच्या तालुक्याच्या दृष्टीने हा विषय आणखी गंभीर आहे, कारण आम्ही नाल्यांमध्ये पाणी मुद्दाम जिरवतो. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली इथे नाले रुंद आणि खोल करण्यात आले, पाणी मुरू न देणारा गाळाचा थर काढून टाकण्यात आला आणि सिमेंटचे बंधारे एकापाठोपाठ एक बांधण्यात आले. शिरपूर पॅटर्न म्हणून ते काम सर्वांना माहीत आहे. त्यामुळे कोरड्या पडलेल्या विहिरी आणि कूपनलिकांना पाणी आले, आणि त्याबद्दल आम्ही शेतकरी कायम कृतज्ञ आहोत.

पण याचाच दुसरा अर्थ असा की आमचा नाला म्हणजे विहिरीचे तोंड आहे. पूर्वी पावसाचे पाणी तासाभरात वाहून जायचे, आता ते बंधाऱ्यामागे आठवडे थांबते आणि खाली उतरते. मातीच्या थरांतून झिरपताना बरेच जिवाणू गाळले जातात हे खरे आहे, परंतु जिथे मुरूम किंवा फुटलेला कातळ थेट उघडा पडला आहे, तिथे ही गाळणी पातळ असते. विष्ठेतल्या नत्रापासून बनणारे नायट्रेट तर मातीत अडकतच नाही, ते पाण्याबरोबर थेट खाली जाते. भारतीय पिण्याच्या पाण्याच्या मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. आमच्या भागात रासायनिक खतांमुळे त्याची चिंता आधीच आहे, त्यात आणखी भर नको.

म्हणून माझी सूचना आहे की जिथे जिथे नाला खोलीकरण झाले आहे, तिथे बंधाऱ्याच्या वरच्या बाजूचा पट्टा जनावरे, कुत्री आणि कचरा यांपासून मुक्त ठेवावा. बंधाऱ्याच्या भिंतीवर सकाळी कुत्री फिरवण्याची जी प्रथा पडत चालली आहे, ती थांबवावी. जुन्या फड पद्धतीत (गावाने मिळून चालवलेल्या पाटपाण्याच्या व्यवस्थेत) पांझरा आणि तिच्यासारख्या नद्यांवरच्या बंधाऱ्यांची व पाटांची साफसफाई गावकरी एकत्र येऊन करत, आणि पाणी वाटणारा पाटकरी व पिकाची राखण करणारा जागल्या नेमलेले असत. पाण्याच्या वाटेवर कोणाची तरी नजर असणे ही आपल्याकडची जुनी व्यवस्था आहे, ती नव्याने शिकावी लागणार नाही.

तितूरकाठची (चाळीसगाव)

सर्वांचे आभार. मला एका प्रसंगाकडे लक्ष वेधायचे आहे, ज्याचा उल्लेख अजून कोणी केला नाही.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्या घरोघर कानबाई (खान्देशातली देवी) बसते आणि सोमवारी तिचे विसर्जन होते. त्या दिवशी बायका डोक्यावर कानबाई घेऊन, अनवाणी, गुडघाभर पाण्यात उतरतात. लहान मुले सोबत असतात, पाणी तोंडावर घेतले जाते. मोठी नदी दूर असेल तर जवळचा नाला किंवा बंधाराच विसर्जनासाठी वापरतात. हा काळ नेमका पावसाचा आहे, म्हणजे काठावरचे सगळे पाण्यात उतरलेले असते. पुढे पोळ्याला बैल धुवायला त्याच पाण्यात नेतात आणि भाद्रपदात गुलाबाई (मुली बसवतात ती देवी) बसते, तिचेही विसर्जन असते. वर पशुवैद्यक दादांनी आकडीकृमीविषयी जे लिहिले आहे, ते वाचल्यावर मला सर्वांत आधी हे अनवाणी पाय आठवले.

विसर्जन बंद करावे असे मी मुळीच म्हणणार नाही. माझे म्हणणे असे आहे की ज्या घाटावर आणि ज्या उतारावर कानबाई जाते, ती जागा श्रावण लागण्यापूर्वीच महिला मंडळाने ताब्यात घ्यावी. वरच्या बाजूचा दोन्ही काठांचा पट्टा झाडून घ्यावा आणि त्या महिन्यात तिथे कुत्री फिरवू नयेत असे घरोघर सांगावे. देवीच्या वाटेची गोष्ट म्हटल्यावर आमच्या गल्लीत कोणीही नाही म्हणणार नाही, याची मला खात्री आहे. आरोग्याच्या फलकाने जे होत नाही, ते या एका वाक्याने होईल. विसर्जनानंतर घरी येताच पाय साबणाने धुणे, हेही त्याच वेळी सांगता येईल.

आणखी एक. ऑगस्ट २०२१ च्या शेवटी आमच्याकडे तितूर आणि डोंगरी नद्यांना जो पूर आला, त्यात घरांत पाणी शिरले होते. नाल्याच्या काठावर जे जे टाकलेले असते ते पुरात परत आपल्याच ओट्यावर आणि स्वयंपाकघरात येते, हे ज्यांनी ती घरे धुतली त्यांना सांगावे लागत नाही.

केळीबाग (रावेर)

एक व्यावहारिक प्रश्न विचारतो. आमच्या मळ्यात राखणीला चार कुत्री आहेत. त्यांची विष्ठा शेणखताच्या उकिरड्यात टाकली तर चालेल का? कुजल्यावर सगळे सारखेच होते असे आमचे सालदार म्हणतात. मळ्याच्या कडेने नाला जातो, म्हणून विचारतो.

गोठा_आणि_दवाखाना (अमळनेर)

केळीबाग भाऊ, उकिरड्यात टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खड्ड्यातले शेणखत सर्व ठिकाणी सारखे तापत नाही. मधला भाग तापतो, कडा आणि वरचा थर थंड राहतो, आणि गोलकृमीची अंडी त्या थंड भागात जिवंत राहतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने अलास्कातील फेअरबँक्स येथे स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांच्या विष्ठेचे भुसा मिसळून कंपोस्ट करण्याचे प्रयोग केले होते. तिथे ढीग ६० अंशांच्या वर तापला, नियमित पलटी दिली गेली, तरीही ते खत खाण्याच्या पिकांना घालू नये असाच सल्ला दिला गेला. केळीचा घड उंच असतो हे खरे, पण तेच खत उद्या मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात जाणार नाही याची हमी कोण देणार?

आपल्याकडे जागा आहे, तेव्हा वेगळा खड्डा करावा. तो नाल्यापासून आणि विहिरीपासून दूर, उंचवट्यावर असावा. त्यात रोज माती किंवा राख टाकावी आणि भरल्यावर बुजवून त्यावर बांधाचे एखादे झाड लावावे.

वाघूरवासी (जळगाव)

पाळीव कुत्र्यांविषयी सर्व पटते, परंतु भटक्या कुत्र्यांचे काय? आमच्या वसाहतीत पाळीव कुत्री मोजकी आणि भटकी त्यांच्या कितीतरी पट आहेत. त्यांची विष्ठा कोण उचलणार?

पांझराकाठ (धुळे)

वाघूरवासी, हा प्रश्न टाळता येणार नाही. भटक्या कुत्र्यांची संख्या आटोक्यात ठेवण्याचा कायदेशीर मार्ग २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत दिलेला आहे. पकडणे, निर्बीजीकरण, लसीकरण आणि सामान्यतः त्याच भागात परत सोडणे असा तो मार्ग आहे, आणि त्याच नियमांत वसाहतींनी खाऊ घालण्याच्या जागा ठरवून द्याव्यात असेही आहे. आपल्या विषयाशी याचा थेट संबंध आहे. कुत्री जिथे खातात त्याच्या आसपासच ती बहुधा बसतात आणि विष्ठा टाकतात. आज उरलेली पोळी-भात नाल्याच्या कठड्यावर ठेवण्याची सवय सर्वत्र दिसते. ही खाण्याची जागा नाल्यापासून दूर, पाणी न वाहणाऱ्या मोकळ्या कोपऱ्यात नेली, तर काठावरचा बराचसा भार एकही कुत्रा न हलवता कमी होईल. जे लोक मायेने रोज खाऊ घालतात, तेच ती जागा झाडण्याचेही काम घेतील असा विश्वास मला वाटतो. त्यांच्याशी भांडण करून काहीही साधणार नाही. उघड्यावरचा कचरा उचलला गेला तर तिथे जमणारी कुत्रीही कमी होतात.

जलनमुना (भुसावळ)

पाणी तपासण्याविषयी लिहितो, कारण अशा चर्चा झाल्यावर कोणीतरी उत्साहाने नाल्याचे पाणी बाटलीत भरून आणतो आणि निष्कर्ष काढतो.

ग्रामपंचायतींना जलजीवन मिशनमध्ये जे तपासणी संच मिळाले आहेत, त्यांत हायड्रोजन सल्फाइडची छोटी बाटली असते. पाणी भरून एक-दोन दिवस उबेत ठेवायचे, काळे झाले तर दूषित. ही बाटली विहीर, हातपंप, नळ यांच्यासाठी उत्तम आहे. उघड्या नाल्याच्या पाण्याने ती जवळजवळ नेहमीच काळी होईल, कारण ती फक्त हो किंवा नाही सांगते, किती ते सांगत नाही. नाल्यासाठी प्रयोगशाळेत एमपीएन (जिवाणूंच्या सर्वाधिक संभाव्य संख्येचा अंदाज देणाऱ्या) पद्धतीने दर १०० मिलिलिटरमधील संख्या काढून घ्यावी.

नमुना निर्जंतुक बाटलीत, प्रवाहाच्या मधून, पाण्याच्या पृष्ठभागाखालून घ्यावा. गाळ ढवळू देऊ नये, कारण गाळात जिवाणू साचून राहतात आणि आकडा फुगतो. बाटली बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो सहा तासांत पोहोचवावी. एकाच ठिकाणचा नमुना काहीही सांगत नाही. कुत्री फिरवण्याच्या पट्ट्याच्या वर एक आणि खाली एक, असे दोन नमुने एकाच दिवशी घ्यावेत, आणि हेच एकदा पावसानंतर व एकदा चार-पाच दिवसांच्या उघडिपीनंतर करावे. दोन्ही ठिकाणांमध्ये मोठा फरक दिसला तरी तो कुत्र्यांमुळेच आहे असे यातून सिद्ध होत नाही. कोणत्या प्राण्याची विष्ठा आहे हे ओळखणाऱ्या जनुकीय चाचण्या असतात, पण त्या वसाहतीच्या वर्गणीतून परवडणाऱ्या नाहीत. पट्टा एक पावसाळा स्वच्छ ठेवून पुन्हा मोजणे हाच आपल्याला जमणारा पुरावा आहे.

गिरणाकाठ (जळगाव)

कायद्याच्या बाजूने एक माहिती जोडतो. १९७४ च्या जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियमात प्रवाहाची जी व्याख्या आहे, तीत वाहत असलेले किंवा त्या वेळी कोरडे असलेले जलमार्ग असे स्पष्ट म्हटले आहे, आणि भूगर्भातील पाणीही त्यात येते. म्हणजे पांझराकाठ भाऊंनी धाग्याच्या सुरुवातीला मांडलेली भूमिका कायद्याला धरून आहे. नाला कोरडा आहे म्हणून ती कचऱ्याची जागा होत नाही, हे वसाहतीच्या फलकावर लिहिताना या व्याख्येचा आधार घेता येईल. राडारोडा आणि मैला टाकणाऱ्या टँकरांविरुद्ध तक्रार करतानाही तो उपयोगी पडेल.

केळीबाग (रावेर)

माझी जमीन काळी कसदार आहे. खड्डा किती खोल घ्यावा? उन्हाळ्यात आमच्याकडे भेगा एवढ्या पडतात की त्यांत अख्खा हात जातो.

पांझराकाठ (धुळे)

केळीबाग भाऊ, आपण भेगांचा उल्लेख केला हे फार बरे झाले, कारण काळ्या मातीत चूक होते ती नेमकी इथे. ओली असताना काळी माती पाणी सहज जाऊ देत नाही, पण वैशाखात तिला पडलेल्या खोल भेगांमधून पहिल्या पावसाचे पाणी न गाळता थेट खाली उतरते. खोल खड्डा म्हणजे त्या भेगांच्या तळाशी विष्ठा ठेवणे. म्हणून खड्डा उथळ घ्यावा, गुडघाभराहून खोल नको. वरच्या थरातले जिवाणू आणि गांडुळे तिथे काम करतात. तळाशी आणि कडांना ओली माती दाबून भेगा बुजवाव्यात, वर पत्रा किंवा फरशी टाकावी, आणि पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून भोवती छोटा बांध घालावा. शौचालयाच्या शोषखड्ड्यासाठी भारतीय मानकात विहिरीपासून १८ मीटर अंतर सांगितले आहे. तेच किमान धरावे आणि जमिनीला उतार असेल तर विहीर व नाला दोन्हींच्या खालच्या अंगाला खड्डा घ्यावा. नाल्याच्या बाबतीत ते शक्य नसल्यास अंतर वाढवावे.

शहरात ज्यांना खड्ड्याची सोय नाही, त्यांनी वर्तमानपत्राच्या कागदात विष्ठा उचलून घरच्या शौचालयात फक्त विष्ठा टाकावी, कागद नाही. मात्र शौचकूपाचा निचरा त्याच नाल्यात होत नाही ना, हे आधी पाहावे. होत असेल तर कागदात घट्ट गुंडाळून सुक्या व ओल्या कचऱ्यापासून वेगळी, सॅनिटरी कचऱ्यासोबत घंटागाडीत द्यावी आणि गाडीवरच्या ताई-दादांना आत काय आहे ते सांगावे, म्हणजे त्यांना उघड्या हाताने ते हाताळावे लागणार नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ती नाल्यात भिरकावणे सर्वांत वाईट, कारण पिशवीत विष्ठा वाळतही नाही आणि कुजतही नाही, पुरात पुढच्या बंधाऱ्याच्या दारात जाऊन अडकते.

आमच्या वसाहतीत मृगाच्या आधी नाल्याचे दोन्ही काठ झाडून घ्यायचे ठरले आहे. जलनमुना भाऊ, वरचा आणि खालचा नमुना घेण्याच्या जागा ठरवण्यासाठी आपण नकाशा पाहून सल्ला दिला तर मी तो इथेच टाकतो.

जलनमुना (भुसावळ)

अवश्य टाका. नकाशावर गटारांची तोंडे आणि ओढ्यांचे संगम आधी खुणा करून ठेवा. दोन नमुन्यांच्या मधल्या पट्ट्यात दुसरे कोणतेही पाणी येऊन मिळता कामा नये.